काकांची अकरा मिनिटं

९ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. तुझा गुडघा शहाण्यासारखा वागत असेल आणि शिलाई मशीनचा पट्टा तू एकदाचा बदलून घेतला असशील, असं धरून चालते. बदलला नसेल तरी कळव, म्हणजे मला रागवायला निमित्त मिळेल.

तू म्हणालीस ते खरं आहे. फोनवर आपण दोघी "जेवलीस का" आणि "ठेवते आता" यांच्या पलीकडे जातच नाही. ऑपरेशननंतर काका चौदा महिने वहीत लिहून बोलले, तू वाचून मोठ्याने उत्तरं दिलीस. ते गेल्यापासून घरात वाचायला काही उरलं नाही, असं तू आईला म्हणालीस म्हणे. तेव्हाच मी ठरवलं की आपण मावशीला लिहायचं. माझं अक्षर काकांपेक्षा बरं आहे, एवढं तरी मान्य कर.

इकडे सगळे ठीक. बाबा अजूनही शेजाऱ्यांना सांगतात की पोरगी डॉक्टर आहे. मी म्हटलं, "बाबा, मी डॉक्टरांची मशीन सांभाळते." तर म्हणतात, "म्हणजे डॉक्टरांच्याही वरची झालीस." घरातली पहिली पदवी अशी कुठल्या कुठे जाते. त्यांनी माझ्या पदवीच्या कागदाला काच बसवून घेतली आहे आणि आई ती रोज पुसते.

तू विचारशील म्हणून आधीच सांगते. काकांच्या रेकॉर्डिंगला थोडा उशीर होतो आहे. फॉर्मचं वगैरे चालू आहे, आणि त्यात आमचं मशीन जरा आजारी पडलं.

काळजी करू नकोस, सगळं समजावून सांगते. आमच्या हॉस्पिटलात ज्यांचा घसा कापायचा असतो, म्हणजे पुढे बोलता येणार नसतं, त्यांचा आवाज आदल्या दिवशी त्या छोट्या खोलीत भरून घेतात, ते तू पाहिलंच आहेस. ते सगळे आवाज एका लिनक्सच्या मशीनमध्ये चार डिस्कवर राहतात. तुझ्या भाषेत सांगायचं तर एका कपड्याचे तुकडे चार पिशव्यांत ठेवलेत आणि प्रत्येक पिशवीत बाकीच्यांची थोडी थोडी मापं लिहून ठेवलीत. एक पिशवी हरवली तर उरलेल्या तिघींवरून ती पुन्हा बेतता येते. गेल्या मंगळवारी सकाळी त्यातली एक डिस्क गेली, नवीन मागवली आहे. दोन गेल्या असत्या तर पंचाईत होती.

शिवाय सगळ्यावर कुलूप आहे. ते मीच लावलंय. माझ्याआधी इथलं जुनं मशीन कुणीतरी भंगारात दिलं, आणि एका बाईंचा आवाज, त्यांनी रडत मुलीला सांगितलेलं सगळं, कुठल्याशा दुकानात पोरं हसत ऐकत होती. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात सिस्टरने मला हे सांगितलं. त्या दिवशी मी ठरवलं की इथून एक शब्दही चोरीला जाणार नाही. आता कुणी अख्खं कपाट उचलून नेलं तरी त्याला नुसती खरखर ऐकू येईल. काकांना हे सांगितलं होतं तेव्हा ते म्हणाले, "असू दे, चांगलं दणकट असू दे. माझा माल जायचाय आत."

एक दुसरं मशीन प्रतीसाठी द्या म्हणून मी व्यवस्थापक साहेबांकडे तीनदा अर्ज केला होता. ते म्हणाले, "एक डिस्क गेली तरी तिघी सांभाळतात, असं तूच सांगितलंस ना?" माझंच वाक्य मला परत मिळालं.

पुढच्या पत्रात चांगली बातमी देते. पट्टा बदल.

तुझी,
ग्रॅज्युएट
(काकांनी मारलेली हाक आहे, चालवून घे.)

---

२७ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, पण मी दिवसभर ते खिशात घेऊन फिरले. "मशीनला काय लागेल ते दे. मी स्पीकर आणून कपाटावर ठेवला आहे. दुकानदार वाजवून दाखवत होता, मी नको म्हटलं. पहिला आवाज त्याचाच निघू दे. वरचं प्लास्टिक पण काढलं नाही."

मावशी, बातमी चांगली नाही.

नवीन डिस्क बसवली, मशीनने तिच्यावर हरवलेलं सगळं पुन्हा बेतायला घेतलं आणि पहिल्याच टक्क्याला दुसरी एक डिस्क अडकली. ती सुरुवातीचाच भाग वाचू शकेना. मशीनने तिलाही बाहेर काढलं. म्हणजे दोन पिशव्या गेल्या. पडद्यावर लाल ओळी धावायला लागल्या.

मी काय केलं सांगू? इथे आल्यावर मी एक नियमांची वही लिहिली होती, बत्तीस पानांची. त्यात नववा नियम आहे: शंका आली तर मशीन व्यवस्थित बंद करावे. मी मशीन व्यवस्थित बंद केलं.

मग मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टरांनी, एका माणसाचा पत्ता दिला. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढणं हेच त्यांचं काम. साठीचे असतील. टेबलावर उघड्या डिस्क, भिंगाचा चष्मा आणि रेडिओ बारीक आवाजात लावलेला. मी चारही डिस्क टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन गेले होते. त्यांनी एकेक कानाला लावून पाहिली. पहिली गेली होती तिची आतली सुई मोडून चकतीवर चरे पडले होते. ती त्यांनी बाजूला ठेवली, पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही. दुसरीला म्हणाले, "ही थकलीय. हिला हळूहळू बोलतं करू." आठ दिवस ते तिची प्रत काढत होते. न वाचलेल्या जागी परत परत जायचं, जरा थंड होऊ द्यायचं, उलट्या बाजूने वाचून बघायचं.

आठव्या दिवशी फोन आला. "मुली, जवळजवळ सगळं आलं. पंधरावीस बारीक ठिकाणं राहिली. एवढ्या मोठ्या डिस्कवर म्हणजे शेतातले चार खडे."

मावशी, मी खुर्चीतून उठून सिस्टरला मिठी मारली. तिच्या हातात चहा होता, तो तिच्या अंगावर सांडला.

मग मी त्यांच्याकडे गेले, प्रतींवरून तुकडे जुळवले आणि पासवर्ड दिला. कुलूप उघडलं नाही. पुन्हा दिला. तोच पासवर्ड मी दोन वर्षं रोज सकाळी देत आले आहे.

ते खडे नेमके कुलपात गेले होते. या कुलपाचं असं असतं की माझा पासवर्ड थेट काही उघडत नाही. डिस्कच्या सुरुवातीला एक छोटा भाग असतो, त्याला हेडर म्हणतात, त्यात खरी किल्ली मुद्दाम हजारो कणांचा चुरा करून पसरून ठेवलेली असते. पासवर्डाने तो सगळा चुरा गोळा होतो. त्यातला एक कण कमी पडला तरी किल्ली होत नाही. ते असंच बनवलेलं आहे, चोराच्या हाती अर्धवट काही लागू नये म्हणून.

"हेडरची प्रत काढून ठेवली असशील," ते म्हणाले.

"हो. आहे ना. सातवा नियम."

"कुठे आहे?"

मी तोंड उघडलं आणि माझं मलाच ऐकू आलं, मी काय सांगणार आहे ते. ती प्रत मी 'महत्त्वाचे' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. त्याच मशीनवर, कुलपाच्या आत. सगळं महत्त्वाचं आत ठेवायचं, बाहेर काही सुटं ठेवायचं नाही, अशी माझी शिस्त.

ते रागावले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "मशीन बंद केलंस का गं, डिस्क अडकल्यावर?"

"हो. व्यवस्थित."

"चालू होतं तोवर किल्ली त्याच्या डोक्यात होती. दोन ओळींचा हुकूम दिला असतास तर त्याने सांगितली असती."

मग चष्मा पुन्हा लावून म्हणाले, "तू फार चांगलं कुलूप लावलंस." टोमणा नव्हता तो. म्हणून जास्त लागला.

अजून काही प्रयत्न बाकी आहेत. ते त्या पंधरावीस ठिकाणी पुन्हा जाणार आहेत. तू प्लास्टिक काढू नकोस.

तुझी,
ग्रॅज्युएट

---

१९ मार्च

प्रिय मावशी,

तुझा फोन तीनदा आला, मी तीनदा उचलला नाही. आईला विचारलंस ना, "पोरगी माझ्यावर रागावली का?" नाही गं. फोनवर मी खोटं बोलले असते, म्हणून उचलला नाही. मला वाटायचं कागदावर मला खोटं लिहिता येणार नाही. पण आधीची दोन पत्रं मी लिहिली आहेत, आणि त्यांच्यात एक वाक्य सोडलं तर काहीच खोटं नसताना ती खोटी आहेत.

काल डिस्कवाल्यांनी सगळं परत दिलं. वीसपैकी अकरा ठिकाणं त्यांनी वाचली, नऊ राहिली. ते म्हणाले, "मला आयुष्यात जमलं नाही असं फार कमी आहे, पण हे कुणालाच जमणार नाही. ठेवायच्या तर ठेव, पण आशा म्हणून ठेवू नकोस." मी विचारलं, सगळे पासवर्ड लावून बघितले तर, शंभर मशीनं लावली तर? ते म्हणाले, "पासवर्ड तुझ्याकडे आहेच की मुली. ज्याला लावायचा ते कुलूपच राहिलं नाही."

डिस्क माझ्या टेबलाखाली आहेत. त्यातल्या तिन्हींवर काकांचा आवाज आहे. एक अक्षरही मिटलेलं नाही. आणि तो आता कधीच निघणार नाही. हे मी रोज स्वतःला समजावते आणि रोज सकाळी पासवर्ड देऊन बघते.

आता जे लिहिलं नाही ते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, फॉर्मचं चालू आहे. फॉर्मचं काही चालू नव्हतं. मॅडमनी त्याच्यावर १९ जानेवारीलाच सही केली होती.

डिसेंबरात तू आलीस तेव्हा दारातच उभी होतीस, चप्पल काढावी की नको या विचारात. म्हणालीस, "तो म्हणाला होता ना, मी गेल्यावर ऐक. आता ऐकते." माझ्यासमोर मशीन उघडं होतं. दोन मिनिटांचं काम होतं. मी म्हटलं, मॅडम रजेवर आहेत, त्यांची सही लागते, नियम सगळ्यांना सारखा. तू म्हणालीस, "तुझा नियम आहे ना, मग थांबते. तो काय आता पळून जातोय?" सिस्टर हसली, तू हसलीस, मीही हसले.

मॅडम आल्या, त्यांनी एकोणतीस फॉर्मवर एकदम सह्या केल्या. तुझा नववा होता. मी तो काढून सगळ्यांच्या खाली ठेवला. दिवसाला दोन घरांना प्रत द्यायचे मी. जानेवारी संपायच्या आत तुझा नंबर आला असता. डिस्क गेली त्या सकाळपर्यंत बावीस घरांना आवाज मिळाले. सात राहिले. त्यांत तू.

आणि नवीन डिस्क आली ती सकाळ. एक डिस्क गेली होती, पण तीन चालू होत्या आणि सगळं उघडत होतं. सगळं, मावशी. सिस्टर माझ्या मागे उभी होती. म्हणाली, "आधी तुझ्या काकांचं काढून घे बाई, मग काय ते ऑपरेशन कर." माझ्या पर्समध्ये पेन ड्राइव्ह होता. मी म्हटलं, "नको सिस्टर. उद्या कुणी म्हणायचं, हिने आधी आपल्या घरचं वाचवलं."

"म्हणू दे की! लोकांची तोंडं काय तू धरून ठेवणार आहेस?"

मी नवीन डिस्क बसवली.

हे मी कुठे शिकले ते तुला माहीत आहे. फुलांच्या बाजारात काका लिलाव पुकारायचे आणि बाबांच्या टोपल्या कायम शेवटी. मी टोपलीवर बसून बघायचे. बाबा चिडायचे, "साडू असून उपयोग काय? परक्याचा तरी लवकर नंबर लागतो!" आणि काका म्हणायचे, "परक्याला शंका येते, तुला नुसता राग येतो. राग परवडला." सगळा बाजार हसायचा. मला वाटायचं, माणूस असावा तर असा. आणि मी तशी झाले. पण शेवटच्या नंबरापर्यंत फुलं कोमेजायची ती बाबांची. काकांची नव्हेत. ही गोष्ट त्या टोपलीवर बसून मला कधी दिसली नाही. तत्त्व माझं होतं, आणि आवाज तुझा होता.

बाकीच्या सहा घरी मी स्वतः जाऊन सांगितलं. एका आजोबांनी पाणी दिलं. एका बाईंनी दार लावून घेतलं, ते जास्त बरं वाटलं. साहेब म्हणतात, असं होतं, यंत्र आहे. दुसऱ्या मशीनचा अर्ज त्यांनी आता मंजूर केला आहे. मॅडमनी मला कामावरून काढलं नाही. मी विचारलं, का काढत नाही? त्या म्हणाल्या, "कारण आता तू कुठली प्रत कुठे ठेवायची ते विसरणार नाहीस." त्यांचं खरं असेल, पण मला काढलं असतं तर बरं झालं असतं.

आणि बघ, सांगण्यातही मी तुला शेवटी ठेवलं.

तू विचारशील, निदान तो काय बोलला ते तरी सांग. मावशी, मला माहीत नाही. मी ऐकलं नाही. ठरलेली वाक्यं वाचून झाल्यावर रुग्णाला मोकळा वेळ देतो, तेव्हा मी खोलीबाहेर जाते आणि कानाला काही लावत नाही. नियम सगळ्यांना सारखा. दीड वर्ष ती फाइल माझ्या हाताखाली होती, मी कधी उघडली नाही. तेव्हा याचा मला अभिमान होता.

पण काचेतून मी पाहिलं. पाहू नये असा नियम मी लिहिला नव्हता, म्हणून जेवढं पाहिलं तेवढं सांगते. तेवढंच माझ्याकडे आहे.

त्यांनी एका कानावरचा हेडफोन सरकवला, बाजारात टोपी सरकवायचे तसा. मी लाल दिवा लावला. माझ्या बाजूला एक पट्टी असते, आवाज जेवढा मोठा तेवढी हिरवी रेघ वर चढते. सुरुवातीला बराच वेळ ती रेघ जेमतेम हलत होती. ज्या माणसाचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, तो इतकं हळू बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. तुला माहीत असेल. मधे त्यांनी बोटं मोजली, तीन, मग मान हलवून चार केली. मग एकदा रेघ एकदम लालमध्ये गेली. हात वर, दोन बोटं, आणि मूठ बंद. काहीतरी पुकारलं त्यांनी, आणि विकलं. स्वतःच हसले. पाणी प्यायले. त्यानंतर रेघ खाली बसली आणि एक मिनिट हललीच नाही. मला वाटलं झालं, मी उठले. पण ते तसेच बसून होते, माइककडे बघत, समोर कुणी बसलेलं असावं तसे. मग एक छोटीशी रेघ उठली. एकच शब्द असेल. आणि त्यांनी मला हात केला.

बाहेर आले आणि म्हणाले, "चल ग्रॅज्युएट, माल दिला." मी रजिस्टरमध्ये लिहिलं, अकरा मिनिटं चाळीस सेकंद. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं.

त्यातलं एक मिनिट नुसतं गप्प होतं, मावशी. तेवढं एक मिनिट मी तुला जसंच्या तसं देऊ शकते. बाकीच्या दहा मिनिटं चाळीस सेकंदांचं मी काय करू, मला खरंच कळत नाही. स्पीकरबद्दलही काही सुचत नाही. आईने सांगितलं, तू रोज त्याच्यावरची धूळ पुसतेस, प्लास्टिकवरूनच.

फॉर्म सोबत जोडला आहे. मॅडमची सही आणि तारीख बघ. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने नऊ लिहून खोडलंय आणि एकोणतीस केलंय, ते अक्षर माझं आहे. हा कागद तुझ्याकडे राहू दे.

काकांनी ठेवलेलं नाव आज खाली लिहीत नाही. तू पुन्हा कधी त्या नावाने हाक मारलीस, तर ओ देईन.

तुझी भाची